मे महिन्याचं पाणी मोजा, मग मासे सोडा: नागपूरकडच्या शेततळ्यात बारके मासे आणि मरळ

हिंगण्याकडे जा, काटोल रोडला जा, नाहीतर उमरेडच्या अलीकडे थांबा. दोन-चार एकर असलेल्या माणसाकडे आता शेततळं असतंच. आणि ज्याच्याकडे शेततळं आहे, त्याला एखाद्या रात्री मोबाइलवर अमेरिकेतला तो व्हिडिओ दिसतोच दिसतो. घरामागे तळं, फळ्यांचा छोटा धक्का आणि गळाला लागलेला हिरवट, हे एवढं तोंड असलेला मासा. लार्जमाउथ बास. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्न तयार असतो : हा आपल्याकडे कुठे मिळेल?

तो उत्तर अमेरिकेतला मासा आहे. बाहेरदेशीचा मासा आणायचा तर केंद्र सरकारची परवानगी लागते, आणि ती तुमच्या-माझ्या हौसेसाठी कोणी देत नाही. कोणी ‘बासचं बीज आहे’ म्हणून पिशवी दाखवलीच तर समजा, आत बास सोडून काहीही असेल. तेव्हा बासच्या बाबतीत इथेच बास करू.

मासा नाही, पण त्या लोकांची मासे सोडण्याची रीत मात्र उचलण्यासारखी आहे. अलाबामातल्या ऑबर्नला एच. एस. स्विंगल नावाच्या संशोधकाने १९३०च्या दशकापासून शेतातल्या तळ्यांवर हेच काम केलं. किती खाणारे आणि किती खाल्ले जाणारे मासे ठेवले म्हणजे तळं वर्षानुवर्षं चालतं, हा त्याचा प्रश्न होता. त्यातून आलेली पद्धत सोपी आहे. आधी ब्लूगिल किंवा फॅटहेड मिनो असे बारके, भराभर पिलावणारे मासे सोडायचे. ते स्थिरावले, त्यांची पिल्लं झाली की मगच त्यांना खाणारा बास सोडायचा. प्रमाण साधारण दहाला एक. खत घातलेल्या तळ्यात एकरी १,००० ब्लूगिल आणि १०० बास, खत न घालता त्याच्या निम्मे.

आपल्याकडे बासची जागा घेणारा मासा आहे, आणि तो खायला बासपेक्षा चांगला आहे असं माझं स्पष्ट मत आहे. मरळ. शेजारच्या तेलंगणाने तर त्याला राज्य मासा केलं आहे. पुढे जे लिहितो आहे ते मरळ आणि तिच्यासाठीचे बारके मासे, सोबत थोडे कटला-रोहू, असं तळं पहिल्यांदा करणाऱ्यासाठी.

आधी पाण्याचा हिशेब

आपल्याकडचं नेहमीचं मोठं शेततळं ३० × ३० × ३ मीटरचं. बाजूंना एकास एक उतार धरला तर तळ २४ × २४ मीटरचा होतो आणि तुडुंब भरल्यावर त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. सप्टेंबरमध्ये काठावर उभं राहून हे पाणी बघितलं की माणसाला वाटतं, हजार मासे सहज राहतील. मलाही वाटलं होतं.

आता मे महिन्यात या. नागपूरचा पारा ४५च्या वर, वारा कोरडा, आणि तळ्यातून रोज सेंटीमीटरच्या आसपास पाणी नुसतं उडून जातंय. मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत मीटरभर पाणी उन्हानेच जाणार असं धरून चला. तुम्ही झाडांना देणार ते वेगळं. तळाशी मीटरभर पाणी उरलं तर ते होतं साधारण सव्वासहा लाख लिटर, म्हणजे भरलेल्या तळ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. मासे मात्र तोवर वाढून कितीतरी पट वजनाचे झालेले असतात.

म्हणून मासे मोजायचे ते मे महिन्याच्या पाण्यावर. या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

संत्र्यावाल्यांना इथे एक जास्तीचा विचार करावा लागतो. आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, धरत असाल तर उन्हाळाभर झाडाला पाणी पाहिजे, आणि तेच पाणी माशांना पाहिजे. मृग बहारवाल्याला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी फुलोरा धरणाऱ्याला, झाडाचं पाणी तोडून ताण द्यायचा असतो, त्यामुळे ऐन मेमध्ये तळ्याला हात लागत नाही. पण जूनमध्ये पाऊस लांबला की ताण तोडायला पहिला पंप तळ्यातच पडतो. तेव्हा तळ्याच्या काठाला एक पट्टी रोवा, त्यावर मीटरभराची खूण लाल रंगाने करा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की या खुणेखाली पंप चालणार नाही. हे जमणार नसेल तर मरळीचा नाद सोडा. पावसाळ्यात कटला-रोहू टाकून फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळे काढून घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

तळं धरतं का, हेही आधी बघा. काळी कसदार माती ओली असते तोवर पाणी धरते, पण एकदा वाळून भेगाळली की पुढच्या पावसाळ्यात त्या भेगा बुजेपर्यंत पाणी पीत राहते. मुरमाचा पट्टा असेल तर ती चाळणीच. अजून खोदलं नसेल तर जागेवर कंबरभर खड्डा करा, संध्याकाळी भरा, सकाळी पुन्हा भरा आणि त्या दुसऱ्या भरलेल्या पाण्याचं दिवसभरात काय होतं ते बघा. पहिलं पाणी कोरडी माती पितेच, त्यावरून ठरवू नका.

प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या तळ्यात मासे होतात, पण गाळ नसतो, त्यामुळे तळाशी चरणाऱ्या मृगळीला तिथे फारसं काही मिळत नाही आणि मरळीला लपायला जागा नसते. जुनी मडकी, सिमेंटचे पाइप, बांबूच्या मोळ्या तळाशी सोडाव्या लागतात. आणि अस्तरावर पाय ठरत नाही. पोहता येणारा माणूसही अशा तळ्यातून बाहेर येऊ शकत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवा, ट्रकच्या ट्यूब ठेवा, कुंपण करा. हे आधी, मासे नंतर.

उन्हाळ्यात करायची तयारी

शेततळ्याच्या भिंती सरळ उताराच्या असतात. पाणी साठवायला ते बरं, पण माशाला अंडी घालायला आणि पिल्लांना लपायला उथळ काठ लागतो. एका कोपऱ्यात तीन-चार मीटर लांबीचा ओटा काढून घ्या, ज्यावर पावसाळ्यात गुडघाभर पाणी राहील. तिथे थोडं पाणगवत येऊ द्या. बारक्या माशांचा कारखाना तोच. गवत सगळ्या तळ्यावर पसरलं मात्र, तर मरळीला बारके मासे सापडत नाहीत आणि ती किडकिडीत राहते. अजिबात नसेल तर ती दोन महिन्यांत सगळं फस्त करते. पाण्याच्या दहाव्या हिश्श्याएवढं गवत असावं, असा माझा अंदाज आहे.

तळं जुनं असेल आणि खाली थोडं पाणी उरलं असेल तर त्यात आधीपासून कोण राहतंय हे तुम्हाला माहीत नसतं. ते साफ करायला आपल्या भागात सोन्यासारखी वस्तू आहे, मोहाची पेंड. हजार लिटर पाण्याला पाव किलो हे प्रमाण. अर्धा मीटर पाणी उरलेलं असताना वर सांगितलेल्या तळ्याला सुमारे ७५ किलो लागते. रात्रभर भिजवून, पाण्यात कालवून सगळीकडे सारखी शिंपडायची. तिच्यातल्या सॅपोनिनने मासे मरतात, तीनएक आठवड्यांत विषारीपणा उतरतो आणि मग तीच पेंड खत म्हणून कामी येते. त्या तीन आठवड्यांत ते पाणी नाल्यात जाता कामा नये. खालच्या गावचे लोक मासे धरतात तिथे.

तळं पूर्ण कोरडं पडत असेल तर उन्हानेच काम होतं. जुन्या गाळात एखादी मरळ मात्र दबा धरून जिवंत राहू शकते. चिखल ओला असेल तोवर तिला मेलेली समजू नका.

माती-पाणी तपासून घ्या. काळ्या मातीचा सामू (pH) बहुतेक वेळा ८च्या आसपास असतो, तेव्हा चुना घालायची गरज पडत नाही. सात किंवा त्याखाली असेल तर या मापाच्या तळ्याला २०-२५ किलो पुरे. तपासणी कृषी विज्ञान केंद्रात होते. माशांचं काही अडलं तर फुटाळ्याजवळ तेलंगखेडीला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, तिथे जाऊन विचारावं. नागपूरकरांना हे महाविद्यालय आपल्या शहरात आहे हेच पुष्कळदा ठाऊक नसतं.

बांधाबाहेर एक चर खोदून शेजारच्या कपाशीचं पाणी वळवा. कपाशीवर फवारायची कित्येक औषधं, विशेषतः पायरेथ्रॉइड जातीची, माशांना अगदी थोड्या मात्रेतही मारतात. फवारणीचा पंप तळ्यात धुणारा गडी हा तुमच्या माशांचा पहिला शत्रू. खंड्या आणि पाणकावळा त्याच्यानंतर.

जुलै : पाणी हिरवं होऊ द्या

मृगाचा पाऊस आपल्याकडे नाव राखण्यापुरता पडतो. तळ्यात पाणी खरं जुलैत येतं. हातभर-दोन हात पाणी साठलं की दोनशे किलोच्या आसपास शेणखत पोत्यांत भरून कोपऱ्यांत अर्धवट बुडवून ठेवा. मोकळं टाकू नका. पोतं उचलून काढता येतं, विरघळलेलं शेण काढता येत नाही. दहा-पंधरा दिवसांत पाण्याला हिरवट तपकिरी रंग चढतो. तो रंग म्हणजे शेवाळाचे आणि सूक्ष्म जिवांचे कण, ज्यावर बारके मासे जगतात.

रंग बरोबर आहे का हे बघायला हात कोपरापर्यंत बुडवा. तळवा दिसेनासा झाला की झालं. मनगटाशीच दिसेनासा झाला तर खत जास्त झालं, पोती बाहेर. पाणी नुसतंच चहासारखं गढूळ असेल तर ती मातीची गढुळी आहे, तिचा आणि खाद्याचा संबंध नाही. धानपट्ट्यातून आणलेल्या तणसाच्या पेंढ्या बांधून पाण्यात सोडल्या की ती हळूहळू बसते.

आधी बारके

इथे नवखा माणूस हमखास चुकतो. त्याला वाटतं, मरळीसाठी खाऊ म्हणून रोहूची पिल्लं आहेतच की. पण कटला, रोहू, मृगळ हे नदीचे मासे. पुराच्या वाहत्या पाण्याशिवाय ते अंडी घालत नाहीत, तळ्यात तर नाहीच. १९५७ साली ओडिशात अंगुलला हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन त्यांच्याकडून अंडी घालून घेतली, तेव्हापासून आपल्याला हे बीज पिशवीत मिळू लागलं. म्हणजे तुम्ही सोडलेला रोहू मोजकाच राहणार. त्याची पिल्लं तळ्यात होणार नाहीत, आणि मरळीने खाल्ला तर तो तुमच्या खिशातून गेला.

खाऊ म्हणून असे मासे पाहिजेत जे उभ्या पाण्यात आपले आपण पिलावतात. आपल्या नाल्यांत, बोड्यांत बोटाएवढे चंदेरी देशी मासे भरपूर असतात. त्यांची नावं तालुक्यागणिक बदलतात. पारशिवनीला एक, भिवापूरला दुसरं. तेव्हा नावात न पडता गावातल्या मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवाला विचारा : जे काठाला थव्याने फिरतात आणि कधीच पावशेराचे होत नाहीत, ते द्या. सोबत झिंगे. झिंगे मरळीला फार आवडतात आणि तळातला पालापाचोळा साफ करतात ते वेगळंच. जिवंत एक-दोन किलो मासे आणि अर्धा किलो झिंगे एवढ्यावर सुरुवात होते.

ते थेट तळ्यात टाकू नका. मोठ्या टाक्यात तीन-चार दिवस ठेवा, रोज थोडं पाणी बदला, मेलेले काढा आणि एकेक निवडून घ्या. या निवडण्याचा कंटाळा मला पहिल्या वर्षी भोवला. एका विक्रेत्याने ‘मिक्स माल’ म्हणून दोन डबे दिले होते, मी संध्याकाळच्या उजेडात ते तसेच ओतले. त्यात मिशावाले काही होते. दिवाळीला जाळं मारलं तर बारका मासा एक नाही, रोहू चारशेतले साठ, आणि गुटगुटीत मिशावाले अकरा. ते कोणते मासे होते हे मी कधी विचारलं नाही. रस्सा मात्र झाला.

मिशांवरून आठवलं. ‘मांगूर’ म्हणून जे बीज स्वस्तात मिळतं ते पुष्कळदा आफ्रिकन मांगूर असतं, ज्याला लोक थाई मांगूर म्हणतात. २००० सालापासून देशात त्याच्या पालनावर बंदी आहे. तो ओलसर जमिनीवरून सरकत नाल्यापर्यंत जातो, नाल्यातून कन्हानमध्ये, कन्हानमधून वैनगंगेत, आणि वाटेत जे तोंडात मावेल ते खातो. रूपचंदही दक्षिण अमेरिकेतला आहे आणि तोही माझ्या तळ्यात नको. तिलापिया भराभर पिलावतो म्हणून खाऊ म्हणून सुचवणारे भेटतील. त्याच्या पालनाला परवानगी लागते, आणि एकदा आला की तो तळं सोडत नाही. डासांसाठी वाटतात ते गप्पी किंवा गंबुसिया इथे कामाचे नाहीत. गंबुसिया तर दुसऱ्यांची अंडीच खातो.

सायप्रिनसबद्दल, म्हणजे कॉमन कार्पबद्दल, दोन्ही बाजूंनी बोलता येतं. तो तळ्यात पिलावतो, चिकट अंडी पाणगवताला लावतो, आणि त्याची पिल्लं मरळीला चालतात. पण तो तोंडाने तळ आणि बांध उकरतो, पाणी कायम गढूळ ठेवतो. मातीच्या तळ्यात मी ठेवत नाही. अस्तराच्या तळ्यात दोन-तीन जोड्या ठेवायला हरकत नाही.

बारके सोडले की सहा ते आठ आठवडे हात जोडून बसा. पोळ्याच्या आसपास सकाळी ओट्यापाशी उभं राहा. भाकरीचा चुरा टाकल्यावर काडीएवढी पिल्लं गोळा झाली तर पहिलं काम झालं.

मग कटला-रोहू

हे बीज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घ्या आणि बोटुकलीच, म्हणजे बोटाएवढी झालेली पिल्लंच, घ्या. मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, स्वस्त असतात, पण ते वाढवणं हा वेगळा धंदा आहे. सात-आठ सेंटीमीटरची बोटुकली, मे महिन्याच्या पाण्यावर हिशेब करून तीनशे. त्यात कटला ९०, रोहू १२०, मृगळ ९०. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तिघांची ताटं वेगळी म्हणून भांडण नाही.

पिशवी पहाटे आणा. ती बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं तळ्यावर तरंगू द्या, मग तोंड उघडून तळ्याचं पाणी ओंजळीने आत घाला, आणि पिशवी आडवी करून मासे आपणहून बाहेर जाऊ द्या. ओतू नका. दुपारी दोनला ऑटोतून आणलेलं बीज तुम्ही कितीही प्रेमाने सोडलं तरी चार दिवसांत पांढरं होऊन काठाला लागतं.

खाद्य म्हणून धानाचा कोंडा आणि शेंगदाण्याची ढेप निम्मी-निम्मी. माशांच्या एकूण वजनाच्या दोन-तीन टक्के, रोज ठरलेल्या वेळी, भोकं पाडलेल्या पोत्यातून. आपल्याकडे सरकीची ढेप हाताशी असते म्हणून तीच टाकण्याचा मोह होतो. तिच्यातलं गॉसिपॉल माशांना सोसत नाही, ती गाईम्हशींनाच राहू द्या.

कोजागिरीला मरळ

आता तळ्यात पिल्लांचे थवे आहेत आणि रोहू वीतभर व्हायला आलेला आहे. मरळ सोडायची ती आता. मरळ तिच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा मासा आरामात गिळते. दहा-बारा सेंटीमीटरची मरळ आज तुमच्या रोहूला काही करू शकत नाही, आणि ती मोठी होईल तोवर रोहूही मोठा झालेला असेल. हाच क्रम उलटा केला, म्हणजे मरळ आधी आणि बोटुकली नंतर, तर तुम्ही तीनशे बोटुकल्या मरळीला वाढून दिल्या.

किती? अमेरिकन हिशेब लावला तर ९०० चौरस मीटर म्हणजे पाव एकराला थोडं कमी, त्यात २२. आमच्याकडच्या अनुभवानेही २० ते २५ हाच आकडा येतो. ऐकायला फार कमी वाटतो. शेजारी हसतात. हसू द्या. (तिकडची मंडळी तर अर्ध्या एकराच्या आतल्या तळ्यात बास सोडूच नका म्हणतात, तोल राहत नाही. मरळ तेवढी नाजूक नाही.)

बीज घेताना एकच गोष्ट पाहा, सगळ्या एका मापाच्या असाव्यात. मरळ मरळीला खाते. पंचवीसमध्ये दोन दांडग्या असतील तर महिन्याने वीसच उरतील. बीज शक्यतो हॅचरीचं घ्या. नदीतून पिल्लांचा थवा उपसून विकणारे असतात. त्यांच्याकडून घेतलं तर नदीची मरळ आपणच संपवतो.

आणि जाळी! बांधावर चारही बाजूंनी मीटरभर उंचीची हिरवी नेट, खालची कड मातीत वीतभर गाडलेली. मरळ हवेतून श्वास घेते, त्यामुळे ओल्या गवतातून ती चालत, म्हणजे वळवळत, पार पलीकडच्या शेतात जाते. मी दुसऱ्या वर्षी जाळी ‘पुढच्या आठवड्यात’ लावणार होतो. तेवढ्यात तीन दिवसांची झड लागली. चौथ्या दिवशी आमच्याकडचे ढिवर काका बांधावरून परत आले आणि म्हणाले, “भाऊ, तुमची मरळ तुरीत फिरून रायली. मासा हाय का गाय हाय, दोर बांधाले?” सात सापडल्या. बाकीच्यांनी नाला गाठला.

सकाळी काठावर काय बघायचं

ऑगस्टमध्ये झड लागते, दोन-चार दिवस ऊन पडत नाही, आणि हिरव्या पाण्यातला प्राणवायू पहाटे संपत येतो. कटला-रोहू पृष्ठभागावर येऊन तोंड वासतात. हे दिसलं की खाद्य बंद, खताची पोती बाहेर, आणि पंप लावून तळ्याचंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडा. ऊन पडेपर्यंत चालू ठेवा.

पण मरळ पृष्ठभागावर येऊन हवा घेते तेव्हा तिला काहीही झालेलं नसतं. तो तिचा स्वभाव आहे. तिला वर येऊ दिलं नाही तर ती बुडून मरते, मासा असून. म्हणून जलपर्णीने तळं झाकू देऊ नका. नवीन माणूस मरळीची उसळी पाहून घाबरतो आणि रोहूची उचकी पाहून ‘खेळतायत’ म्हणून कौतुक करतो. नेमकं उलटं आहे.

डिसेंबर-जानेवारीत नागपूरची रात्र दहा अंशांच्या खाली जाते. मासे खाणं कमी करतात, तुम्हीही खाद्य निम्म्यावर आणा. उरलेलं खाद्य तळाशी कुजतं आणि त्याची किंमत मार्चमध्ये मोजावी लागते. पाणकावळ्यांसाठी तळ्यावर सुतळ्या आडव्या-उभ्या ताणल्या तरी पुरतं.

काढायचं कधी आणि काय

होळीच्या आधी कटला-रोहू काढायला लागा. अर्धा-पाऊण किलोचे झालेले असतात. ‘अजून दोन महिने ठेवू, किलोचे होतील’ हा विचार पाणी असणाऱ्यांनी करावा. पाण्याची पट्टी बघा, लाल खूण जवळ आली की सगळे काढा. मेच्या उन्हात मेलेला मासा कोणी घेत नाही.

मरळ ठेवा. तिला कमी पाणी चालतं. वर्ष-दीड वर्षात ती अर्ध्या-पाऊण किलोला येते. जाळ्यात ती सहज येत नाही, गाळात तोंड खुपसते किंवा जाळ्यावरून उडी मारते, म्हणून गळच बरा. आमिष बेडूक किंवा बारका मासा. ओल्या पोत्यात ती तासन् तास जिवंत राहते, त्यामुळे भोईपुऱ्याच्या मच्छीबाजारात जिवंत मरळीला वेगळाच मान असतो. मृगाच्या सुमारास हैदराबादेत दम्याच्या लोकांना जिवंत मरळीच्या पिल्लातून औषध गिळायला देतात, त्याने दमा जातो हे कधी सिद्ध झालेलं नाही. सावजी मसाल्यात ती काय करते, ते मात्र सिद्ध आहे.

दुसऱ्या पावसाळ्यात तळ्याचा तोल तपासा. चार हात लांबीची जुनी मच्छरदाणी दोघांनी धरून ओट्यावरून ओढा. स्विंगलही तळ्यांचा अंदाज बारीक जाळं ओढूनच घेत असे. काडीएवढी, बोटाएवढी, दोन्ही मापांची पिल्लं आली तर तळं बरं चाललंय. नुसते मोठेच आले तर पिलावण होत नाही, गवत कमी आहे किंवा पाणी गढूळ आहे. काहीच आलं नाही तर मरळ जास्त झाली. मग त्या वर्षी नवीन मरळ सोडायची नाही, आहे तीतली पाच-सात काढायची आणि ढिवर काकांकडून पुन्हा किलोभर बारके आणायचे.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये कधीतरी ओट्याजवळच्या पाण्यावर तांबूस-केशरी ठिपक्यांचा एक थवा ढगासारखा सरकताना दिसेल. ती मरळीची पिल्लं. खाली नर-मादी दोघंही राखण करत असतात आणि हात घातला तर धडक देतात. त्या महिन्यात त्या कोपऱ्यात गळ टाकायचा नाही, मुलांनाही सांगून ठेवायचं. राखणदार गेला तर तळ्यातला प्रत्येक मासा त्या ढगावर तुटून पडतो, आणि संध्याकाळपर्यंत तिथे नुसतं पाणी असतं.